रथाच्या उजव्या बाजूची माळ

हूविनकट्टीच्या बायका देवाची शपथ घालून सांगतात, की हुलिगेम्माच्या बोटांत हाडं नाहीत. आता बायकांचं काय, तिच्या नवऱ्याच्या, दुर्गप्पाच्या पाठीत कणा नाही असंही त्या सांगतात, आणि तेही अगदीच खोटं नाही. पण बोटांची गोष्ट खरी. ओच्यात मोगऱ्याच्या कळ्या घेतल्या, केळीच्या सोपटाचा ओला दोरा अंगठ्याला गुंडाळला, की पुढचं डोळ्यांना दिसायचं नाही. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, एक फास, आणि माळ तिच्या गुडघ्यावरून दुधाच्या धारेसारखी खाली उतरायची. गावात आलेली नवी सून शेडमध्ये पहिल्यांदा बसली, की स्वतःचं काम सोडून तिच्याकडेच बघत राहायची आणि सासूचा चिमटा खायची.

गंगावती गावाकडून लग्न होऊन आली तेव्हा तिला भाताची लावणी येत होती, फुलं ओवणं नाही. सासूने शिकवलं. पहिल्या वर्षी सासू हिला हसली, दुसऱ्या वर्षी गप्प झाली, आणि तिसऱ्या वर्षापासून "मीच घडवली हो" म्हणून गावभर सांगत सुटली.

गावात फुलांची शेड एकच, कोट्रप्पाची. एका भिंतीला गडी, दुसरीला बाया, आणि मधे खुर्चीवर चहाचा पेला घेऊन कोट्रप्पा. आल्यागेल्याला सांगायचा, "आमच्याकडे बाई-गडी भेद नाही. हाताला जो दर गड्याला, तोच बाईला!"

यात खोटं काहीच नव्हतं. माळ हातावर मोजायची, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि हाताचा दर सगळ्यांना सारखा. ग्यानबाची मेख एवढीच, की मोजायला हात कुणाचा? गडी आपापली माळ आपल्याच हातावर मोजून देत. बायांच्या माळा मात्र मैलारप्पा मोजायचा. मैलारप्पा म्हणजे शेडचा हमाल. ब्रह्मदेवाने त्याला घडवताना माती उरली असावी आणि ती फेकायची कुठे म्हणून सगळी त्याच्या हातांच्या लांबीत घातली असावी. "बायकांचे हात आखूड. त्यांच्यावर मोजणी सोडली तर दुकान बुडेल," असं कोट्रप्पाचे वडील सांगून गेले होते, म्हणून ही रीत.

आणि दुर्गप्पाचा हात? तो सुरू होतो न होतो तोच संपायचा. त्यामुळे दिवसभर विडी ओढत, पेंगत, अधूनमधून ओवणारा दुर्गप्पा संध्याकाळी बायकोपेक्षा जास्त पैसे घेऊन घरी येई. वर विचारी, "बोटं मंदावली की काय गं तुझी?"

हुलिगेम्मा भाकरी थापता थापता त्याच्या हाताकडे बघे. भाकरीवर चार थापा जास्तच पडत.

एके सकाळी तिने शेडमध्ये तोंड उघडलं.

"धनी, एक मागणं आहे. दर वाढवू नका."

कोट्रप्पाला चहा एकदम गोड लागला. "बोल की हुलिगक्का!"

"ज्या हाताने गड्यांचं मोजता, त्याच हाताने आमचं मोजा. तुम्हाला हवा तो हात घ्या. मैलारप्पाचा घेतलात तरी चालेल, फक्त सगळ्यांना तोच."

दुर्गप्पाने आपला हात हळूच धोतराखाली लपवला.

"रीत आहे ती," कोट्रप्पाने पेला आपटला. "पटत नसेल तर दुसरी शेड बघ."

दुसरी शेड नव्हती. त्यालाही ठाऊक होतं, तिलाही.

घरी दुर्गप्पा समजूत घालायला लागला, "अगं, पैसा एकाच घरात येतो. तुझा काय, माझा काय?"

"मग उद्यापासून माझी माळ तुमच्या हातावर मोजून घ्या, तुमची देऊ मैलारप्पाकडे."

दुर्गप्पाला एकाएकी जोराचा खोकला आला.

चैत्रात वीरभद्राचा रथ निघतो. कळसाखालून दोन्ही बाजूंनी मोगऱ्याची माळ सोडतात, आणि ती गड्यांनीच ओवायची असा नेम. पण त्या साली अर्धे गडी बेंगळुरूला बांधकामावर गेलेले. कोट्रप्पा डोकं खाजवत बसला होता. हुलिगेम्मा पुढे झाली.

"डावी बाजू गड्यांना द्या, उजवी आम्हाला. दोन्हीकडे हात तेवढेच. आणि देवाचं काम आहे धनी, मोजायची रीत मोडू नका हं. गड्यांचं गडी मोजतील, आमचं मैलारप्पा."

"आता कशी शहाण्यासारखी बोललीस!" कोट्रप्पा खूश झाला. त्याच दरात जास्त माळ मिळत असेल तर तो एखाद्या भुतालाही नाही म्हणाला नसता.

शेजारी बसलेली ईरम्मा मात्र घाबरली. "अक्का, देवाच्या कामात खोडी काढतेस?"

"खोडी कसली? मोजणारे ते. आपण नुसतं ओवायचं."

असं म्हणाली खरी, पण धास्ती तिलाही होतीच. वीरभद्र म्हणजे रागीट देव. त्याला नाही पटलं तर? आणि त्याला पटून कोट्रप्पाला नाही पटलं तर? मग उद्या शेडचं दार बंद, आणि तिच्यामुळे साऱ्या बायांना. तरी ती ओवत राहिली.

रथाच्या दिवशी टोपल्या ओल्या फडक्यांत गुंडाळून गेल्या. ढोल लागले. वर चढलेल्या पोरांनी दोन्ही माळा एकदम सोडल्या. डावी माळ सरसर उतरली आणि दुसऱ्या मजल्याशी थांबली. तिथेच थांबायची ती, दरवर्षी. रथाची माळ तेवढीच असते असं गाव पिढ्यान्‌पिढ्या समजून होतं.

उजवी थांबली नाही. दुसरा मजला गेला, तिसरा गेला, लाकडी सिंह गेले, आणि पांढरीशुभ्र माळ उतरत उतरत चाकाच्या आसाला येऊन टेकली. ढोल आपोआप बंद पडले. देवाने एका बाजूचे केस मोकळे सोडावेत तसा रथ दिसत होता. लोकांचे हात नकळत जोडले गेले. हुलिगेम्माचेही. एवढं आपण ओवलं? रोज एवढं ओवत होतो? तिला हे ठाऊक होतं, पण असं उभं राहिलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"रथ कलला!" कुणीतरी ओरडलं. मौनप्पा सुतार ओळंबा घेऊन धावला, चाकाखाली शिरला, धुळीने माखून बाहेर आला. "रथ सरळ आहे. माळच वाकडी आहे."

पुजारीस्वामींनी कोट्रप्पाला पुढे बोलावलं. "दोन्हीकडे सारखेच हात ना?"

"सारखेच, स्वामी! देवाशप्पथ!"

"मग हे काय?"

हुलिगेम्मा पुढे आली. "स्वामी, हात सारखेच मोजलेत. मोजणारे बघा." तिने एका हाताने मैलारप्पाला ओढलं, दुसऱ्याने नवऱ्याला. दोघांची कोपरं रथाच्या चाकावर टेकवली. दुर्गप्पाची बोटं जिथे संपली, तिथे मैलारप्पाचं मनगटही पुरतं संपलं नव्हतं.

आधी एक म्हातारी हसली. मग सगळी यात्रा. स्वामी हसले नाहीत. ते पुन्हा उजव्या माळेकडे बघत राहिले, वरपासून खालपर्यंत.

"उजवी कापू या," कोट्रप्पा पुटपुटला.

"देवाच्या अंगावर चढलेलं फूल कापतोस? डावी वाढव. तोवर रथ हलणार नाही."

विकायला आणलेल्या कळ्यांच्या टोपल्या बाजूलाच होत्या. पण गड्यांनी ओवायचं म्हटलं तर सूर्य मावळला असता. सगळ्यांचे डोळे बायांकडे वळले. बाया हुलिगेम्माकडे बघत होत्या. ती पायरीवर बसली, हात मांडीवर, मुठी मिटलेल्या.

"मोजणार कुणाच्या हाताने, धनी?"

कोट्रप्पाने घाम पुसला. "माझ्या."

"आमचंच? की सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं गं बाई! ओव आता!"

"रथापुरतं?"

कोट्रप्पाने इकडेतिकडे पाहिलं. अख्खं गाव कान टवकारून उभं होतं. "कायमचं," तो म्हणाला, आणि स्वामींच्या पायांवर हात ठेवला.

मुठी उघडल्या. बाया गोल करून बसल्या. ढोलवाले सुद्धा ढोल खाली ठेवून बघत होते, कारण हुलिगेम्माच्या बोटांतून त्या दिवशी जे उतरलं त्याला ताल देणं त्यांना जमलं नसतं. उन्हं कलायच्या आत डावी माळही आसाला टेकली.

दुसऱ्या दिवशी मैलारप्पा फक्त टोपल्या उचलत होता. कोट्रप्पाने बाही वर सारली. आधी दुर्गप्पाची माळ घेतली. ती घेतली न घेतली तोच संपली. मग हुलिगेम्माची. तो मोजत राहिला, मोजत राहिला. चहावर साय धरली.

"मैलारप्पाला बोलावू का गं? माझा खांदा भरून आला."

"दमलात तर थांबा, धनी," नव्या कळ्या ओच्यात घेत ती म्हणाली. "हात बदलू नका."

कोट्रप्पाने हात झटकला, कोपर पुन्हा टेकवलं आणि पुढे मोजू लागला. गडी ओवायचं विसरून बघत बसले होते. दुर्गप्पाची विडी त्याच्या बोटांतच विझली होती.