नानांच्या बदलाखाली माझं नाव

आमच्या कारखान्यात एक रीत आहे. कोड कुणीही लिहिलेला असो, दुसऱ्या माणसानं तो वाचून त्याखाली आपलं नाव लावल्याशिवाय तो मशीनमध्ये जात नाही. लिहिणारे नाना असले तरी नाही. नाना म्हणजे कारखान्याचे मालक, शिरपूरकडच्या शेतकरी घरातले, आणि ही रीत त्यांनीच घातलेली. मोठ्यांचं लिखाण लहानांनी शिकण्यासाठी वाचायचं, हे मला ठाऊक होतं. तपासण्यासाठी वाचायचं, हे मी जळगावात आल्यावर पाहिलं.

मी स्वतः नववीत शाळा सोडलेला. गाव देवगडच्या पुढं, समुद्राला लागून. मशीनं बसवणाऱ्या एका टोळीबरोबर वायरिंग करत करत इकडे आलो. कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये काम चालू असताना नानांच्या यंत्रातलं एक कॅमेऱ्याचं कार्ड सारखं बंद पडत होतं आणि मी त्याच्या स्क्रीनवर सरकणाऱ्या ओळी बघत बसलो होतो. नाना मागं येऊन उभे राहिले.

"वाचता येतंय का त्यातलं?"

"वाचता येतंय. कळत सगळं नाही."

"कुठपर्यंत कळतं?"

मी बोट ठेवलं. त्यांनी तिथून पुढं समजावलं, उभ्या उभ्या, चहा गार होईपर्यंत. मग म्हणाले, टोळीचं काम संपलं की जळगावला ये. शाळेचा दाखला त्यांनी तेव्हाही मागितला नाही आणि नंतरही नाही. ते कधीतरी मागतील या धाकात मी आजही असतो.

आम्ही बनवतो ते यंत्र कापसाकडे बघतं. जिनिंगमध्ये कापूस पुढं सरकत असतो, त्यात पोत्याचा दोरा, प्लॅस्टिकची चिंधी, केस, काहीही असतं. वर बसवलेला कॅमेरा ते हेरतो आणि यंत्र हवेचा झोत मारून ते बाजूला उडवतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हावं लागतं. कॅमेऱ्याच्या कार्डाची स्वतःची मेमरी असते, चित्र तिथं उमटतं. ते चित्र उचलून दुसरीकडे नेत बसलं तर तोवर दोरा पुढं निघून जातो. म्हणून मशीनच्या अगदी तळाशी चालणारा प्रोग्रॅम, ज्याला कर्नल म्हणतात, तो आमच्या वरच्या प्रोग्रॅमला कार्डाच्या मेमरीकडे थेट खिडकी उघडून देतो. यालाच मॅप करणं म्हणतात. खिडकी मागणारा सांगतो, इथपासून सुरू कर आणि एवढी लांब दे. देणाऱ्यानं बघायचं की मागणी कार्डाच्या हद्दीतली आहे. हद्दीबाहेरची खिडकी उघडली तर वरचा प्रोग्रॅम भलत्याच जागी हात घालतो. मग मशीन नुसतं बंद पडलं तर नशीब म्हणायचं.

गेल्या हंगामापर्यंत एका कार्डावर एक कॅमेरा होता, म्हणून खिडकीही एकच, सगळ्या मेमरीची. नव्या कार्डावर दोन कॅमेरे आले. आता अर्धी मेमरी एका प्रोग्रॅमला, अर्धी दुसऱ्याला द्यायची, म्हणजे मधूनही सुरुवात करता यायला हवी. हा बदल नानांनी लिहिला. नवं यंत्र नरडाण्याच्या एका जिनिंगमध्ये उभं होतं, कापूस यायला लागला होता आणि यंत्राचा एकच डोळा चालत होता. तिथले मालक रोज फोन करायचे.

नानांचं लिखाण एरवी आमच्या कारखान्यातल्या ताई वाचतात. त्या नशिराबादच्या, शिकलेल्या इंजिनिअर, आणि नानांनासुद्धा "हे काय लिहिलंय?" असं तोंडावर विचारणाऱ्या. त्या बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या. राहिलो मी. सकाळी नाना जाता जाता म्हणाले, "बदल पाठवलाय. वाच आणि नाव लाव."

मी वाचायला बसलो. काढलेल्या ओळी लाल, घातलेल्या हिरव्या. नानांचं लिखाण वाचणं हे मला अजूनही सणासारखं वाटतं. बदलाच्या वर त्यांनी आधी साध्या शब्दांत लिहिलेलं असतं, काय अडत होतं, का अडत होतं, आणि दुसरे कोणते मार्ग बघून सोडले. हिरव्यापेक्षा लाल ओळी जास्त, म्हणजे काम वाढलं तरी प्रोग्रॅम आटोपशीर झालेला. प्रोग्रॅम खिडकीतून बघत असतानाच कुणी कार्डाची वायर उपटली तर काय, याचाही विचार केलेला. जिनिंगमध्ये उंदीर वायर कुरतडतात, हे ज्यानं वाकून बघितलंय त्यालाच ते सुचेल.

मग मी हद्दीच्या तपासणीपाशी आलो. आधी तिथं सुरुवात आणि लांबी यांची बेरीज करून ती कार्डाच्या मापापेक्षा मोठी आहे का, असं बघितलेलं होतं. नानांनी ते काढलं. आता मापातून सुरुवात वजा करायची आणि उरलेल्यात लांबी बसते का ते बघायचं. कारणही वर दिलं होतं: फार मोठे आकडे मिळवले की बेरीज उलटते. हे मला लगेच समजलं. जुन्या मोटरसायकलचा मीटर नऊ-नऊ-नऊवरून पुन्हा शून्यावर येतो, तसंच. शून्याजवळचा आकडा मापात बसतोच, आणि खोटी मागणी खरी म्हणून सुटते. मी मनात म्हटलं, वा नाना.

आणि तिथंच अडकलो. सुरुवातच मापाच्या पुढची मागितली तर? कर्नलच्या या आकड्यांना उणे ठाऊक नसतं. वजाबाकी उणेमध्ये गेली की मीटर उलटा फिरतो आणि प्रचंड मोठा आकडा येतो. त्यात कोणतीही लांबी बसेल. ही सुरुवात आधी कुठंतरी तपासायला हवी होती, आणि मला ती तपासणी बदलात दिसेना. वर गेलो, खाली आलो, दिसेना.

नानांची चूक असेल असं मला एकदाही वाटलं नाही. वाटलं, मलाच कळत नाहीये. नववीपर्यंतचं गणित कुठं पुरतं. मी नावाची ओळ टाइप केली आणि पुसली. पुन्हा टाइप केली. शेवटी बाहेर जाऊन ताईंना फोन लावला. मागं बाळ रडत होतं.

"बोल रे. कुठं अडलास?"

मी सांगितलं.

"हं," त्या म्हणाल्या. "बरा प्रश्न आहे."

"मग उत्तर काय आहे?"

"मी कशाला सांगू? मी सांगितलं तर माझं नाव लागायला हवं. मी इथं दुपटी बदलतेय."

"ताई, नानांना कसं विचारू? त्यांनी मला उभं केलंय."

"म्हणून त्यांच्या लिखाणावर डोळे मिटून सही ठोकणार? भारीच उपकार फेडतोयस." त्या हसल्या. "जा, विचार. खात नाहीत ते. खाल्लं तर मला फोन कर."

दुपारी नाना डबा घेऊन माझ्याच टेबलाशी आले. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी, अर्धी न विचारता माझ्यापुढं.

"लागलं का नाव?"

मी म्हटलं, "नाना, इथल्या चाचणीच्या यंत्रावर चालवून बघितलंय. दोन्ही कॅमेरे चालतात. 'वाचलं'ऐवजी 'चालवून पाहिलं' असं लिहून नाव लावू का?"

"चालतंय ते मलाही दिसलं. वाचलं का, ते विचारतोय."

"वाचलं."

"समजलं?"

भाकरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला. म्हटलं, "एका ठिकाणी नाही समजलं." आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, मीटर, उणे, मोठा आकडा. सांगताना त्यांच्याकडे बघितलं नाही.

नानांनी हात पुसला आणि कीबोर्ड ओढला. दुसरी फाईल उघडली, जी या बदलात नव्हतीच. तिथं होती ती तपासणी. सुरुवात मापाबाहेर असेल तर मागणी तिथूनच परत जायची, या ओळीपर्यंत यायचीच नाही. नाना बरोबर होते.

"मग बरोबरच आहे, नाना. मी लावतो नाव."

"थांब. तुला हे का दिसलं नाही?"

"मी तिकडे बघितलं नाही."

"काबरं?"

नाना अहिराणीवर आले, 'आहे'चं 'शे' झालं, की मला वाटतं, आता रागावणार. म्हटलं, "तिकडे बघायला पाहिजे, असं इथं काही नव्हतं."

त्यांनी दोन्ही फाईली स्क्रीनवर शेजारी शेजारी लावल्या. बाहेर हायवेवर केळीचे ट्रक जात होते.

"मंग हाई मन्हं चुकनं," ते म्हणाले. मला नीट कळावं म्हणून पुन्हा सांगितलं, "माझं चुकलं. वजाबाकी इथं आणि तिचा राखणदार दुसऱ्या गावी. उद्या ती फाईल कुणी बदलली, त्याला काय माहीत की इथली वजाबाकी तिच्या भरवशावर आहे? तुला आज दिसलं नाही, वर्षभरानं मलाही दिसणार नाही."

मी म्हटलं, "पण नाना, चालतंय तर आत्ता जाऊ दे. नरडाण्याचे मालक वाट बघताहेत."

"वाट बघतील. तुला समजलं नव्हतं तर नाव का लावत होतास?"

"भाकर खा," नाना म्हणाले, आणि लिहायला लागले. ती तपासणी तिथून उचलून वजाबाकीच्या बरोबर वर आणली. शेजारी एक वाक्य लिहिलं, आधी हे, मगच ते, आणि का. मग सगळा बदल नव्यानं बांधून मला पुन्हा पाठवला, जणू सकाळी काही झालंच नव्हतं. मी इतक्या लोकांच्या हाताखाली काम केलंय. माझ्या न समजण्यावरून स्वतःचं बरोबर असलेलं काम मोडून पुन्हा मांडणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

मी म्हटलं, "आता समजलं. लावू?"

"आता हा नवा बदल आहे. पहिल्यापासून वाच."

मी पहिल्यापासून वाचायला घेतलं. वाचता वाचता त्यांचा फोन वाजला, नरडाण्याचे मालक असणार. मी घाईनं खालच्या ओळीकडे सरकायला लागलो, तेवढ्यात नानांचा हात आडवा आला. सावकाश, अशी खूण.

"नाही भाऊ, अजून नाही," ते फोनवर सांगत होते. "माझं लिहून झालंय. वाचणारा वाचतोय. त्यानं हो म्हटलं की निघतो."

पलीकडून काहीतरी मोठ्यानं विचारलं गेलं. वाचणारा कोण आहे, कुठला इंजिनिअर आहे, असं असावं.

"आमचाच शे," नाना म्हणाले, आणि मी वाचत असलेल्या ओळीकडे बघत राहिले.