काकांच्या फोनमधली बाई

काकांनी मला मारलं ते फवारणीच्या पंपाच्या पितळी नळीनं. त्यांना दिसत नाही, म्हणून पहिला फटका भिंतीवर बसला. मी किंचाळले. त्या आवाजावर दुसरा बरोबर माझ्या खांद्यावर आला, तिसरा कोपरावर. आई मध्ये पडली, तिलाही एक लागला. शेवटी वडिलांनी मागून कव घालून त्यांना खाली पाडलं. दोघं भाऊ अंगणातल्या मातीत एकमेकांचे गळे धरून लोळत होते आणि काका ओरडत होते, "तिले इचार! तिच्या वेबसाइटीत काय होतं ते तिले इचार!"

काकू तेव्हा दवाखान्यात होती. दुपारी ती शेतात पंप पाठीवर घेऊनच कोसळली होती. तोंडाला फेस, हातपाय ताडताड उडत होते. धामणगाव बढ्याहून बोलावलेल्या जीपमध्ये तिला टाकताना चौघांना तिचे हातपाय धरावे लागले. त्यांतला एक हात मी धरला होता. तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

ती वेबसाइट माझी होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी गावातल्या कापसावर साइट केली होती. बोंडअळी बीटी बियाण्यालाही जुमानेनाशी झाल्यापासून गावात जो तो दुकानदार देईल ते औषध मारत होता. दर आठवड्याला मी कृषी सहायकांकडून सल्ला घ्यायचे आणि साइटवर टाकायचे. कोणतं औषध, किती, कशात मिसळायचं नाही. पण जुन्या फोनांवर मराठी अक्षरं तुटायची, म्हणून मी सगळा मजकूर एका चित्रात बसवायचे. सुंदर चित्र. हिरव्यात चालेल ते, लालमध्ये धोक्याचं. कॉलेजात सर म्हणाले होते, "दिसायला एक नंबर झाली." मी आठवडाभर खूश होते.

काकांचे डोळे फार आधी गेले होते. पंपाचा पाइप फुटून औषध सरळ चेहऱ्यावर आलं. तेव्हापासून फवारा काकू मारायची आणि औषध काका कालवायचे, वासावरून. कोणती बाटली कोणती, हे गावात त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही असं ते म्हणायचे. त्यांच्या फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज होता. त्याला ते बाई म्हणत. बाई फार भरभर बोलायची. "हळू बोल वं, तुही बस चुकून राह्यली का?" असं ते तिच्यावर खेकसायचे आणि काकू हसायची.

त्या सकाळी त्यांनी माझं पान उघडलं, तेव्हा बाई म्हणाली, "चित्र." बोट खाली नेलं. "चित्र." आणखी खाली. "चित्र." मग त्यांनी फोन खिशात टाकला आणि वासावर दोन बाटल्या ड्रममध्ये ओतल्या.

हे मला मारामारी थांबल्यावर काकांच्याच तोंडून कळलं. खांदा सुजला होता, पण रडू त्याचं नव्हतं.

काकू नवव्या दिवशी घरी आली. डावा हात थरथरत राहिला, अजूनही राहतो. पुढची फवारणी तोंडावर होती आणि काका कोणाला विचारणार नव्हते, वडिलांना तर नाहीच. म्हणजे पुन्हा वासावरच. मला ते पान त्यापूर्वी बोलतं करायचं होतं.

मी चित्रं काढून साधी अक्षरं टाकली. जी चित्रं ठेवली त्यांच्यामागे त्यात काय आहे ते लिहिलं. लाल रंगाऐवजी 'धोका' हा शब्द घातला. डोळ्यांवर ओढणी बांधून स्वतःच्या फोनवर ऐकत बसले. माझंच पान मला सापडत नव्हतं.

पहिल्यांदा काकांना त्यांच्याच फोनवर ते पान ऐकवलं, तेव्हा बाई म्हणाली, "बटण. बटण."

"कायचं बटण?" काका म्हणाले. "माह्या तेराव्याचं?" आणि फोन भिंतीवर आपटला. काचा माझ्या पायाशी आल्या. मी त्या गोळा केल्या आणि घरी येऊन प्रत्येक बटणाला नाव दिलं.

दुसऱ्यांदा आईचा फोन नेला, त्यात बाई बसवून. काकांनी बोट ठेवलं. बाईनं या आठवड्याचा सल्ला सगळा वाचला. काका म्हणाले, "तवाचं पान हाये का?"

होतं. जुनी पानंही मी लिहून काढली होती. मी त्यांचं बोट त्या ओळीवर ठेवलं. बाई वाचू लागली. "धोका. ही दोन औषधं एकत्र मिसळू नका." आणि दोन नावं. काकांनी ती तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा नावं यायच्या आधीच त्यांनी स्वतः म्हटली.

ते उठले, भिंत चाचपत गेले आणि कोपऱ्यातून तीच नळी घेऊन आले. मी मागे सरकले. पण त्यांनी ती माझ्या हातात दिली.

"तुनं लिवलं होतं. मले आयकू नाई आलं, तं मी कोनाले इचारलं बी नाई. मार."

"काका, नाही."

"मार म्हनतो ना!"

खाटेवरून काकू म्हणाली, "मार वं. माह्या अंगात जोर नाई, नाईतर मीच मारलं असतं."

हे लिहायला मला अजून संकोच वाटतो. मी मारलं. पाठीवर, जोरात. सदऱ्यातून आवाज आला आणि काका गुडघ्यावर बसले. मला वाटलं होतं त्यापेक्षा मी फार जोरात मारलं होतं, आणि त्या क्षणी मला बरं वाटलं होतं.

काकांनी श्वास घेतला. मग हात पुढे करून फोन मागितला.

"आता या आठवड्याचं पुन्यांदा लाव," ते म्हणाले. "अन् त्या बाईले हळू बोलायले सांग."