यमनातला मधला गंधार

हेमंतदादाचा कीबोर्ड एवढी वर्षं बिघडलेला नव्हताच. हे मला तो गेल्यावर कळलं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

आमचा बँड ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी: गास गावात दादाची केळीची वाडी. वाडीतली पंपाची खोली हीच आमची प्रॅक्टिस रूम. एल्टन ड्रम्सवर सात मात्रा बडवायचा, दादा त्यावर रॉक वाजवायचा आणि मधेच, कुणाला काही न सांगता, यमन रागात शिरायचा.

एकेक रचना वीस मिनिटांची. माझी आई म्हणायची, "एवढ्यात माझी डाळ दोनदा शिजते."

मी फुलपाड्यात गाण्याचे क्लास घेते. दादाने मला फक्त दोन आलापांसाठी बोलावलं होतं, पाहुणी म्हणून.

पहिल्याच दिवशी यमन सुरू झाला आणि मधला गंधार वाजेचना. आपली समुद्राकाठची खारी हवा, सगळं गंजवते! नेमकी तीच पट्टी मेलेली.

"दादा, यमनातून गंधार काढला तर उरलं काय?"

"माझ्याकडे नाही. तुझ्या गळ्यात आहे ना? मग लाव की!"

तेव्हापासून त्या जागी दादा बोट उचलायचा, भुवई उडवायचा आणि गंधार मी लावायचे.

एल्टन मला 'स्पेअर पार्ट' म्हणायचा. मीही हसायचे.

पण खरं सांगू? टोचायचं ते. पट्टी दुरुस्त झाली की आपलं काम संपलं, असंच वाटायचं.

दादा अचानक गेला. मी बँड सोडला. एल्टनचे फोनसुद्धा उचलले नाहीत.

गेल्या महिन्यात दादाच्या मुलीचा, सईचा फोन आला. "मीनलताई, बाबांचा कीबोर्ड मी वाजवणार आहे. ये ना."

पंपाच्या खोलीवर गेले. एल्टन ड्रम्स लावत होता, सई वायरी जोडत होती. मी सहज त्या पट्टीवर बोट ठेवलं.

वाजली. एकदम स्वच्छ.

"सई, रिपेअर कधी केलास गं?"

"मी कुठे? मी दहावीत होते तेव्हाच बाबांनी माणिकपूरहून करून आणला."

सई आज नोकरी करते. म्हणजे बघा, किती वर्षं झाली.

"आणि मला बोलला नाही?"

"तुला सांगायचं नाही अशी ताकीदच होती. म्हणायचे, कळलं तर ती पाहुण्यासारखी उठून जाईल."

मी रडले. चांगली हमसून रडले. एल्टनने पाण्याची बाटली पुढे केली.

मग सईने सुरू केलं. यमन आला. तिने बोट उचललं आणि भुवई उडवली. अगदी बापावर गेलीय.

वर्षभर यमन न गायलेला, गंजलेला गळा. गंधार सुराच्या जरा खाली लागला.

"परत," सई म्हणाली.

दुसऱ्यांदा लागला.

येत्या रविवारी संध्याकाळी माणिकपूरला वाजवतोय. नक्की या.

दादा, मनापासून निरोप. तुझ्या जागी सई बसलीय.

आणि मी उठून जात नाहीये.