सुनील सर, दहापैकी एक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर मध्येच कोणी दात काढले तर चहा इथेच सोडून उठेन, सांगून ठेवतो. आजवर मी जेवढे गाढवपणे केले, त्यातला हा पहिल्या नंबरचा. आणि तोही गुपचूप नाही. अर्ध्या गावाला साक्षीला सोबत घेऊन केला!

माझं पंक्चरचं दुकान तुम्हाला माहीत आहे. सोनगीरच्या पुढे, हायवेला लागून, चार पत्रे आणि एक कॉम्प्रेसर. मी सहावीतून शाळा सोडली ती ह्याच्यासाठी. माझा मोठा भाऊ सुनील मात्र शिकला आणि गावातल्याच शाळेत मास्तर झाला. गाव त्याला सुनील सर म्हणायचं, मी नुसतं भाऊ.

चार महिन्यांपूर्वी भाऊ शाळा सुटल्यावर मोटरसायकलवर धुळ्याला निघाला, तो ह्याच हायवेवर गेला. कोणत्या गाडीनं उडवलं ते अजून कळलं नाही. आणि मी रोज ह्याच रस्त्यावरच्या गाड्यांची चाकं नीट करून त्यांना पुढे पाठवतो. आता तुम्हीच सांगा, माणसाचं डोकं ठिकाणावर राहील?

नाही राहिलं. कोणी हॉर्न वाजवला की राग. कोणी समजूत घातली की राग. नाही घातली तर जास्त राग. घरी माय म्हणायची, "बापू, दोन घास खाय ना रे," तर मी तिच्यावर खेकसायचो. सगळ्यात मोठा राग भाऊचा. सकाळी मी त्याच्या गाडीत हवा भरून दिली होती. 'येतो' म्हणून गेला होता. असं येतात?

तर त्या दिवशी दुपारी शिरपूरकडून केळी भरून आलेला एक ट्रक दुकानासमोर उभा होता. मागचं चाक बसलेलं. ड्रायव्हर घाईत. "उस्ताद, जल्दी करो, माल रस्ते में ही पक जाएगा." मी टायर खाली उतरवलं आणि टॉमी लावून रिंगपासून सोडवायला बसलो. टॉमी म्हणजे हातभर लांब लोखंडी सळई. हे लक्षात ठेवा. सगळा घोळ तिचाच आहे.

तेवढ्यात पूजा आली. पूजा म्हणजे आमच्या शेजारची, पाचवीतली, जिभेला हाड नाही. मधल्या सुट्टीत सायकलीत हवा भरायला आली होती.

"काका, आज कॉम्प्युटरवर वाचायला शिकवलं."

"मग वाच," मी म्हणालो.

"शेख मॅडमनी शिकवलं. पडद्यावर गोष्ट येते, ती माइकमध्ये मोठ्यानं वाचायची. मग प्रश्न येतात. मग सगळ्यांची नावं येतात, जास्त मार्कवाला वर, कमी मार्कवाला खाली."

"बरं."

"सगळ्यात खाली कोण आहे माहितीये?"

"तू असशील."

"मी तिसरी आहे! सगळ्यात खाली सुनील सर आहेत. दहापैकी एक! सगळा बठ्ठा वर्ग हसला."

ऐकलंत? माझा भाऊ, ज्यानं पंचायतीत चपला झिजवून, धुळ्याला दहा चकरा मारून शाळेत सहा कॉम्प्युटर आणले, ज्यानं त्या गोष्टी आणि ते प्रश्न स्वतः बसून लिहिले, तो सगळ्यात खाली! दहापैकी एक! आणि पोरं हसतात!

माझ्या डोळ्यांसमोर लाल झालं. भाऊच्या जागी आलेल्या नव्या मॅडमनीच हे केलं असणार. जुन्या मास्तरला खाली ढकललं की नवा मास्तर आपोआप वर! मी उठलो आणि शाळेकडे धावत सुटलो. टॉमी हातातच राहिली. देवाशपथ, मला ती हातात आहे हे माहीतच नव्हतं.

मागून ड्रायव्हर ओरडला, "ओ उस्ताद! टायर खोल के किधर भागा? टॉमी तो देता जा!" आणि तोही माझ्यामागे धावला.

आता हे बाहेरून कसं दिसत असेल बघा. पुढे मी, हातात लोखंडी सळई. मागे अनोळखी ट्रकवाला, बोंबलत. त्याच्यामागे पूजा, सायकल ढकलत. चहाच्या टपरीवर यशवंत नाना बसले होते. त्यांनी हाक मारली, "काय व्हयनं रे बापू? कोठे पयी राहिना?"

मी नुसता ओरडलो, "शाळेत!"

"शाळामा आग लागनी का काय?"

मी उत्तर दिलं नाही. रागात माणूस उत्तर देतो का? पण नानांनी आपल्या मनानं घेतलं. टपरीवरची पाण्याची बादली उचलली आणि धोतर सावरत निघाले. "चला रे! शाळामा आग लागनी!" मग काय! कोणी घागर घेतली, कोणी डबा. एकानं तर गुरांसमोरचं टोपलं उचललं. त्यात पाणीही नव्हतं, कडबा होता!

मी वर्गाचं दार लाथेनं उघडलं. सुट्टी संपून वर्ग नुकताच बसला होता. एकेका कॉम्प्युटरसमोर तिघं-चौघं पोरं, शेख मॅडम मध्ये उभ्या. बारीक चणीची बाई, चष्मेवाली. मला बघून त्यांनी आधी काय केलं असेल? पळाल्या नाहीत. सगळ्या पोरांना आपल्या मागे घेतलं आणि म्हणाल्या, "सळई खाली ठेवा."

तेव्हा मला सळई दिसली. पण आता खाली कशी ठेवणार? इज्जतीचा प्रश्न!

"कोणी केलं ते आधी सांगा!"

"काय केलं?"

"माझ्या भावाला नापास! दहापैकी एक! ज्यानं हे केलं त्याचं तंगडं मोडल्याशिवाय मी इथून हलणार नाही!"

"अहो दादा, यंत्र कोणाला नापास करत नाही. कमी मार्क पडले तर 'पुन्हा प्रयत्न करा' एवढंच म्हणतं."

"तो मेलाय, मॅडम! तो कसा पुन्हा प्रयत्न करणार?"

इतक्यात नाना आले, बादलीसकट. "कोठे शे आग?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हात मागे नेला.

"पाणी नको!" मॅडम किंचाळल्या. "कॉम्प्युटर आहेत!"

ड्रायव्हरनं झेप घेऊन बादली धरली. अर्धी त्याच्या अंगावर, अर्धी माझ्या. कॉम्प्युटर वाचले. मी नखशिखांत भिजलो, पण राग काही विझला नाही.

"काढा त्याचं नाव," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता. माझ्या भावाचं नाव ह्या खोक्यात नको. हसायला ठेवलंय का त्याला?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाटलं होतं, सरांची आठवण म्हणून राहू द्यावं. पण तुम्ही घरचे. तुमचा शब्द." त्यांनी भाऊचं नाव उघडलं, काहीतरी दाबलं. पडद्यावर एक चौकट आली. तीन-चार ओळी, खाली 'हो' आणि 'नाही'. "हे वाचा आणि तुमच्या हातानं दाबा. मी नाही दाबणार."

वाचा म्हणे! एवढ्या गावासमोर! मला एकेक अक्षर जुळवायला वेळ लागतो, हे भाऊला आणि मायला सोडून कोणाला माहीत होतं? मी डोळे वरून खाली फिरवले, मान हलवली, "हां, वाचलं," म्हणालो आणि माउस धरला. बाण 'हो'वर नेला.

"काका," पूजा म्हणाली, "वाचलं ना? मग सांगा काय लिहिलंय."

"तू गप्प बस."

"सर असंच विचारायचे. वाचलं म्हणालं की म्हणायचे, मग सांग."

"लिहिलंय की... नाव काढू का. दुसरं काय असणार?"

"चूक!" ती म्हणाली. वर्गातल्यासारखीच. मग बोट ठेवून घडाघडा वाचलं. "हे नाव काढल्यास त्यासोबतचे सर्व आवाज कायमचे पुसले जातील. ते परत मिळणार नाहीत."

माझा हात थांबला. "कोणाचे आवाज?"

"जो वाचतो, त्याचा आवाज यंत्र साठवून ठेवतं," मॅडम म्हणाल्या. "ह्या नावावर एक आवाज आहे. सरांचा असेल म्हणून मी उघडून ऐकला नाही. बरं वाटलं नाही."

घरी भाऊचे फोटो आहेत. शर्ट आहेत. आवाज नव्हता. त्याचा मोबाइल त्याच्यासोबतच चुरा झाला होता. आणि मी, हा शहाणा, तो आवाज पुसायला निघालो होतो. बोट खाली जायचंच बाकी होतं!

"लावा," मी म्हणालो. टॉमी कधी खाली ठेवली, आठवत नाही.

मॅडमनी आवाज मोठा केला. आधी खरखर. मग एक माणूस वाचायला लागला.

"ए... का... गा... वा... त... धों... धोंडू... ना... ना... नावाचा..."

एखादं बैलगाडं खडीवरून चाललंय असं ते वाचन! सगळे कान देऊन ऐकत होते. तो आवाज भाऊचा नव्हता.

माझा होता.

दिवाळीच्या सुट्टीत भाऊनं मला कॉम्प्युटरचे टेबल लावायला बोलावलं होतं. काम झाल्यावर म्हणाला, माइक चालतो का बघायचंय, जरा वाच. मला वाटलं, बटण बंद केलं की सगळं गेलं!

तेवढ्यात खोक्यातून भाऊ हसला. तसाच, नाकातून. "अरे बोट ठेव, बोट! टायरमधला एवढासा खिळा अंधारात सापडतो तुला, ही ओळ सापडत नाही?"

"भाऊ, सोड ना," मी, त्या दिवशीचा. "गिऱ्हाईक थांबलंय दुकानावर."

"थांबू दे. दहा प्रश्न आहेत, करून जा."

"मला नाही येत. माझं नाव सगळ्यात खाली दिसेल. पोरं हसतील."

"म्हणून तर माझ्या नावावर बसवलंय तुला. मला हसले तर हसू दे. तू वाच."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि संपलं.

नानांनी रिकामी बादली हळूच खाली ठेवली. मी भिजलेला होतो ते एक बरं झालं. चेहऱ्यावरचं पाणी कोणतं ते कोणाला कळलं नाही.

शेवटी ड्रायव्हरनं टॉमी उचलली, माझ्या हातात दिली आणि अगदी सज्जनपणे विचारलं, "तो उस्ताद, अब किसकी टांग तोड़नी है?"

मग जो वर्ग हसला! नाना हसले, टोपलंवाला हसला, शेख मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले, हसून का कशानं, मी विचारलं नाही. ज्यानं माझ्या भावाचं नाव बुडवलं, त्याला शोधायला मी हत्यार घेऊन आलो होतो. सापडला तो!

मी माफी मागितली. मॅडम म्हणाल्या, माफीनं भागणार नाही. ज्या नावावर कोणी सराव करत नाही, ते नाव वर्ष संपलं की यंत्र आपोआप काढून टाकतं. आवाजाची वेगळी प्रत त्या मला करून देतील, पण यादीत सरांचं नाव राहायला हवं असेल, तर कोणीतरी त्या नावावर बसून वाचलं पाहिजे.

"कोण?" मी विचारलं.

सगळ्या वर्गानं माझ्याकडे बघितलं.

तेव्हापासून दर शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा मी दुकानावर पाटी लावतो आणि जाऊन बसतो. लहान पोरांच्या बाकात गुडघे हनुवटीला लागतात. पूजा शेजारी पट्टी घेऊन. रागावतो मी, खूप रागावतो. अक्षरांवर, माइकवर, तिच्यावर. ती म्हणते, "काका, ओरडू नका, तेपण साठतं."

भाऊचं नाव आता दहापैकी नऊवर आलंय. तिथेच अडलंय, तीन शनिवार झाले. मॅडमनी सांगितलंय, दहा पडले की पुढच्या धड्याला तुमच्या स्वतःच्या नावावर बसायचं. म्हणून माय गावभर सांगत फिरते, "भाऊनं नाव सुटाले नको म्हणीसन पोऱ्या मुद्दाम एक चुकाडस." म्हणजे, भाऊचं नाव सुटू नये म्हणून मी मुद्दाम एक उत्तर चुकवतो! आयाबाया पदर डोळ्याला लावतात. समोर आल्या की पाठीवरून हात फिरवतात. मीही मान खाली घालून गप्प उभा राहतो.

पण तुम्हाला म्हणून खरं सांगतो. मुद्दाम-बिद्दाम काही नाही. भाऊनं गोष्ट लिहिलीय, धोंडूची बकरी हरवते आणि तो दिवसभर साऱ्या गावाशी भांडत फिरतो. शेवटचा प्रश्न आहे, धोंडूला राग का आला? खाली चार उत्तरं. ऊन होतं म्हणून, भूक लागली म्हणून, लोक हसले म्हणून, बकरी हरवली म्हणून. एकच निवडायचं.

मला चारही बरोबर वाटतात!