शिळं पाणी आणि मोताळ्यातला अर्धा प्लॉट

फोटोत वंदना अंगणातल्या बाजेवर बसून चहा पीत होती. मागे पेरूचं झाड, पायाशी झोपलेलं मांजर, आणि खाली तिने लिहिलं होतं, "ताई, सकाळचे साडेआठ. अजून कुठंच जायचं नाही." डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर गॅसजवळ उभी राहून मी तो फोटो पाहिला. छान वाटायला हवं होतं. पोटात जळलं. खोटं कशाला लिहू.

वंदना माझी धाकटी जाऊ. गेल्या वर्षी मे महिन्यात दिलीपभाऊजी, ती आणि त्यांची लेक गौरी असे तिघं डोंबिवलीची भाड्याची खोली सोडून मोताळ्याला गेले, बुलढाणा जिल्ह्यात. भाऊजींची कंपनी बंद झाली होती. मोताळ्यात सासऱ्यांचा एक प्लॉट आहे, दोन भावांचा निम्मा निम्मा. त्यांनी आपल्या निम्म्यात तीन खोल्या बांधल्या. दुसरा निम्मा आमच्या ह्यांचा, म्हणजे आता माझा, कारण ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

मोताळ्याला राहायला जायचं वेड खरं तर ह्यांचं होतं. लेकीची दहावी होऊ दे, मी म्हणायचे. मग बारावी. मग तिचं लग्न. लग्न झालं, ती नाशिकला गेली, आणि सहा महिन्यांत हे गेले. ज्यांनी कधी मोताळ्याचं नावही काढलं नव्हतं, ते तिथे बाजेवर चहा पीत होते.

त्यातच भाऊजींचा फोन आला. माझा निम्मा भाग रस्त्याला लागून आहे, तो त्यांच्या नावावर केला तर तिथे दुकानाचा गाळा काढता येईल. संमतीपत्र तयार आहे, फक्त सही हवी. मी म्हटलं, येऊनच बघते. सही करायची नाही, हे माझं घरातून निघतानाच ठरलेलं होतं. कारण एकच, त्यांना सगळंच मिळू नये.

कल्याणहून सकाळची गाडी धरली तर दुपारी दोनच्या सुमारास मलकापूर येतं. जाणार असाल तर दिवसाचीच गाडी घ्या आणि खिडकी मागा. भुसावळ सोडलं की माती काळी होत जाते. दिवाळी नुकतीच झाली होती, शेतं कापसाने पांढरी दिसत होती आणि बायका कंबरेला फडकी बांधून वेचत होत्या. मलकापूरला स्टेशनबाहेर गरम आलुबोंडा खाल्ला, रिक्षाने बसस्टँडवर गेले. बुलढाण्याकडे जाणारी बस मोताळ्याला थांबते. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे तिकिटाचे पैसे सुट्ट्या नाण्यांतच भागले.

बसमध्ये माझ्यापुढे दोन म्हातारे बसले होते.

"जवाई येते का मंग?"

"हाव. येऊन राह्यला उद्या."

"एकटाच?"

"हाव."

आमचे हे घरी माझ्याशी माझ्यासारखंच बोलायचे. फक्त आईचा फोन आला की गॅलरीत जाऊन तासभर हाव, हाव करायचे. त्या "हाव"साठी मी किती हसले असेन त्यांना. आता अख्खी बस त्यांच्या आवाजात बोलत होती आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले.

घर माझीच दृष्ट लागेल इतकं छान निघालं. हवेशीर, पुढे अंगण, मागे न्हाणीघर आणि सिमेंटचं टाकं. वंदना मलकापूरकडचीच, तिची बोली वर्षभरात परत आली होती. डोंबिवलीत "मला, तुला" करणारी बाई "मले, तुले" करत भाकरी थापत होती. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली नाही, कारण तिला फार आनंद झाला असता.

खरं जळलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. बाराच्या ठोक्याला भाऊजी जेवायला घरी आले. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्यांचं दुकान बसस्टँडजवळ भाड्याच्या गाळ्यात आहे, सायकलने पाच मिनिटं. जेवले, बाजेवर अर्धा तास आडवे झाले, बायकोने पेरू कापून दिला तो खाल्ला आणि गेले. आमचे हे सत्तावीस वर्षं सकाळी साडेसहाला डबा घेऊन बाहेर पडले. कामाच्या दिवशी दुपारी एक वाजता त्यांचा चेहरा कसा दिसतो, ते मला माहीत नाही.

त्यानंतर मी जे केलं ते सरळ सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही.

भाऊजी दुकानात, गौरी नववीच्या वर्गात, वंदना दळण घेऊन गिरणीवर गेलेली. मी न्हाणीत हातपाय धुवायला गेले आणि टाक्यात वाकून पाहिलं, तर तळाशी हिरवं शेवाळ. शेजारी दोन ड्रम, त्यांच्या कडाही बुळबुळीत. मला बरं वाटलं. म्हटलं, बाजेवर बसायला वेळ आहे, टाकं घासायला नाही.

आमच्याकडे नळ रोज येतो. सकाळी उठल्यावर कालचं शिळं पाणी ओतून टाकायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं, हे मी माहेरापासून करत आले आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ह्यांनी माझा हात धरला होता. "पाण्याले काय शिळं असते?" मला ते कंजूसपणाचं वाटलं होतं. पुढे ते गुपचूप जुनं पाणी बाजूला काढून कुंड्यांना घालायचे.

टाक्याच्या तळाशी भोकात चिंधीचा बोळा होता, तो ओढला. दोन्ही ड्रम आडवे केले. पाणी धो धो नालीतून गेलं. नारळाच्या शेंडीने टाकं असं घासलं की वंदनाला लाज वाटावी. ड्रम उन्हात पालथे घातले, बोळा परत बसवला आणि नळ उघडला.

नळाने नुसती हवा सोडली.

वंदना दळणाचा डबा कमरेवर घेऊन आली. पालथे ड्रम पाहून दारातच थांबली.

"ताई, हे काय केलं?"

"शेवाळ धरलं होतं. शिळं पाणी ओतलं, आता ताजं भरू."

ती डबा खाली ठेवून बाजेवर बसली. "तुम्ही आल्या त्याच दिवशी सकाळी भरलं होतं, ताई. मंगळवारी. आता पुढच्या मंगळवारी येते नळ."

फोनवर तिने मला हे दहा वेळा सांगितलं असणार. मी फक्त पेरूचं झाड ऐकलं होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. शेजारच्या नसीमभाभी, त्यांच्या घरचं बांगड्यांचं दुकान आहे. "काऊन वं वंदना, नालीत इतकं पानी कायचं वाहून राह्यलं? लाइन फुटली का?"

"नाही, भाभी. आमच्या मोठ्या जाऊबाईनं टाकं धुतलं."

मग भाभी हसायला लागल्या, आणि समोरच्या राऊतकाकू काय झालं म्हणून बाहेर आल्या, त्याही हसायला लागल्या. "अवं बाई, मुंबईत समुद्र हाय, इथं नाई," त्या म्हणाल्या. मी पदराने हात पुसत उभी होते. पन्नाशीच्या बाईला जमीन दुभंगावी असं वाटणं शोभत नाही, पण वाटलं.

अर्ध्या तासात भाभी डोक्यावर गुंड घेऊन आल्या. पितळेची मोठी घागर, तिला तिकडे गुंड म्हणतात. "पहले प्यायचं भरा," म्हणाल्या. मग राऊतकाकू आणि त्यांची सून. मग गल्लीच्या टोकाकडून दोघी, ज्यांची नावं मला अजून माहीत नाहीत. सगळ्यांना पुढचे सहा दिवस त्याच पाण्यावर काढायचे होते. संध्याकाळपर्यंत एक ड्रम गळ्यापर्यंत आला. प्रत्येकीने जाताना मला ऐकू येईल असं वंदनाला काहीतरी म्हटलं. "बाई, रात्री कुलूप लावा हो ड्रमाले, जाऊबाई अजून इथंच हायेत."

मी आमच्या इमारतीत अठ्ठावीस वर्षं राहते. हे गेले तेव्हा सगळे आले, चहा आला, तेरा दिवस जेवणाचे डबे आले. चांगलीच माणसं आहेत. चौदाव्या दिवशी दारं लागली. वंदनाला तिथे दीड वर्ष झालं होतं.

"तुझं बरं आहे," मी तिला म्हटलं. तोंडातून आलंच.

ती कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "फुकट नाही होत, ताई. पहिले चार महिने मी रडून काढले. मुंबईवाली म्हणून कोणी बोलत नव्हतं. मंग उन्हाळ्यात काकूच्या घरी लग्न निघालं, तवा आमचं अर्धं टाकं मी त्यांच्याकडं नेऊन भरलं. आम्ही तीन दिवस भांडी राखेनं घासली." जरा थांबून म्हणाली, "अन्‌ टाकं धुवायच्या आधी मले एक हाक मारली असती तर बरं झालं असतं."

मी माफी मागितली. तिने मला लाटायला पोळपाट दिला.

तिसऱ्या दिवशी भाऊजींना रोहिणखेडला एक मोटार बसवायची होती, त्यांनी मला मोटारसायकलवर मागे घेतलं. मोताळ्याहून हे गाव जवळ आहे, रस्ता काही ठिकाणी खराब, पण दोन्ही बाजूंना कापूस आणि सोयाबीन काढलेली मोकळी शेतं. गावात जुनी दगडी मशीद आहे. दगडावर कोरलेली अक्षरं मला वाचता आली नाहीत, नुसती बघत राहिले. मी शाळा सातवीत सोडली. नंतर लेकीची पुस्तकं, रद्दीतली पुस्तकं, वॉर्डातलं वाचनालय, असं करत वाचत राहिले. न वाचता येणारं अक्षर दिसलं की अजून थांबते. झाडणारे चाचा म्हणाले, "बसा ना बाई, सावली हाय." वेळ काढून जा, गर्दी नसते.

काम आटोपून भाऊजी पायरीवर येऊन बसले. हाताला ग्रीस होतं.

"वयनी, कागदाचं काय करता?"

मी म्हटलं, "त्या जागेत तुमच्या दादांना काय करायचं होतं, कधी बोलले होते?"

"हाव. दोन खोल्या. खिडकी पूर्वेले. वयनीले वाचाले उजेड लागते म्हणे." त्यांनी काडीने नखातलं ग्रीस काढलं. "खिडकीखाली पुस्तकांचं कपाट. दोरी लावून मापबी घेतलं होतं त्यानं, आई होती तवा."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुम्ही नाईच म्हणत होत्या, वयनी. मंग कसं सांगन तो?"

यात राग नव्हता, म्हणूनच ते लागलं. चाचा झाडत होते. मी पुन्हा दगडावरच्या अक्षरांकडे बघत बसले आणि भाऊजींनीही घाई केली नाही.

"मी सही करत नाही," मी शेवटी म्हटलं.

"मंग येता का राहाले?"

"ते अजून सांगता येत नाही. तुमची दुकानाची अडचण होईल, मला कळतं."

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी तो लपवला नाही. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "हाव."

अगदी तसंच. गॅलरीतल्यासारखं.

चौथ्या दिवशी मोताळ्याचा बाजार होता. नवी ज्वारी, लाल मिरच्यांचे ढीग, आणि एका कोपऱ्यात प्लास्टिकचे ड्रम. मी झाकणवाला एक निळा ड्रम घेतला. गौरीने तो सायकलच्या कॅरिअरला बांधून घरापर्यंत ढकलत आणला, आणि वाटेत भेटेल त्याला सांगितलं, "मोठीआईनं दंड भरला."

"कुठी ठेवू?" वंदनाने विचारलं.

"माझ्या अर्ध्यात."

तिथे अजून काहीच नाही. गवत, चार दगड. पूर्वेच्या बाजूला, खिडकी आली असती त्या जागी, तिने तो दगडांवर ठेवला. गाळ्याच्या स्वप्नावर ड्रम ठेवला गेला, हे तिलाही दिसत होतं आणि मलाही. ती दुपारच्या बसला मला सोडायला आली, तेव्हा पिशवीत पेरू होते, आणि निरोपाला एकमेकींचा हात धरायला दोघींनी जरा वेळ लावला.

घरी येऊन आज बारा दिवस झाले. शहर सोडून लहान गावी जायचा विचार करणाऱ्यांनी विचारलं तर सांगेन, आधी नळ किती दिवसांनी येतो ते विचारा. दवाखाना किती लांब, वीज किती तास जाते, दुकानाला गिऱ्हाईक आहे का, हेही विचारा. भाऊजींचं अजून जेमतेम चालतं आणि माझ्यामुळे आणखी काही काळ भाड्याच्याच गाळ्यात चालेल. ते मला रोज टोचतं. सही न करण्यात हेवा किती आणि यायची इच्छा किती, हे मला अजून वेगळं काढता येत नाही. वंदनाचा हेवा वाटायचा थांबला, असंही नाही. काल दुपारी बारा वाजता मी घड्याळाकडे पाहिलं आणि तिच्या बाजेवर आडवा झालेला नवरा मला दिसला.

पण सकाळी मोरीत हंडा तिरपा करताना हात थांबतो. उरलेलं पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना घालते. दोन कुंड्या अजून जगल्या आहेत, ह्यांच्या वेळच्या.

मंगळवारी मी मोताळ्याला फोन लावला. "नळ आला का?"

"आला ना," वंदना म्हणाली. मागे पाण्याचा आवाज येत होता, गौरी कोणाला तरी ओरडत होती. "टाकं भरलं, गुंड भरले. तुमचा ड्रमबी भरून झाकण लावून ठेवलं. पण ताई, तुम्ही येईपर्यंत शिळं होऊन जाईन बरं ते. मंग ओतून टाकसान."

"पाण्याले काय शिळं असते?" मी म्हटलं.