शेजारचं पान

चांदूर रेल्वेजवळच्या एका लहान चर्चमध्ये मी मित्राबरोबर हंगामाच्या उपकारस्तुतीला गेलो होतो. उपकार मानावेत असं त्या वर्षी शेतात काही पिकलं नव्हतं. तरी पाळकांनी उपदेशात बजावलं, की आपल्या हातानं जीव देणाऱ्याला नरकच. दाराशी उभा असलेला एक म्हातारा तेवढं ऐकून बाहेर गेला आणि पत्रावळ्या पुसू लागला.

पंगतीत वाढायलाही तोच होता. प्रत्येकाच्या पानाशी वाकून, काय संपलं ते बघून वाढायचा. सगळे उठल्यावर तो एकटा बसला. शेजारी आणखी एक पान मांडून त्यानं त्यावरही वरण-भात वाढला. मित्र हळूच म्हणाला, "याच्या पोरानं औंदा फवारणीचं औषध घेतलं."

मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, जेवा आता. भात निवून राहिला."

"पाळकसायेब शिकलेले हायेत," तो शांतपणे म्हणाला. "पण पंगतीतला एक जण यायचा असला, तं आपण घास उचलतो का? मंग देव कसा उचलन?"

फाटकापाशी मी मागं वळून पाहिलं. तो दाराकडं तोंड करून तसाच बसला होता. दोन्ही पानं भरलेली होती.