पापडांची राखण

माझी मुलगी साडेतीन वर्षांची होईपर्यंत तिनं कधी कशाकडे बोट दाखवलं नव्हतं. तिची वाढ सावकाश होणार, हे डॉक्टरांनी ती जन्मली तेव्हाच सांगितलं होतं, आणि आमच्या या छोट्या बाईसाहेबांनी ते फारच मनावर घेतलं. मान धरली सावकाश, बसली सावकाश, आणि चालायला लागली तेव्हा शेजारची तिच्याच वयाची पोरं कुंपणावरून उड्या मारत होती. ते सगळं मी निभावलं. बोटाचं मात्र जिवाला लागलं होतं. नाशिकच्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या होत्या, "शब्द येतील तेव्हा येतील, आधी बोटाची वाट बघा. 'ते बघ' असं दुसऱ्याला सांगावंसं वाटलं तिला, की अर्धं काम झालं."

मग काय, मी आमच्या सबंध खोडाळा गावाला बोट दाखवत सुटले. बाजारातली कोंबडी, रस्त्यावरची एसटी, शेजाऱ्यांची शेळी. पोरगी यातल्या कशाकडेच बघायची नाही. ती माझ्या बोटाकडे बघायची, आणि ते जवळ असलं तर चावायची. मी तापट बाई आहे. शाळेत अख्खा वर्ग नुसत्या डोळ्यांनी गप्प करते, पण हिच्यापुढे हात टेकले होते. ही मला कधीच काही सांगणार नाही की काय, असं सारखं वाटायचं.

उन्हाळ्यात आमच्या आळीत नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड होतात. आज एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या. सगळ्या बायका मिळून पीठ शिजवतात, मळतात, लाटतात. जुन्या साड्यांवर पापड पसरले की कावळे-कोंबड्या हाकायला पोरांना काठी देऊन राखणीला बसवायचं. राखणीची मजुरी म्हणजे उकडीचा गरम गोळा. पोरांचा डोळा मात्र अर्धवट वाळलेल्या पापडांवर असतो. ते चिवट, खारट पापड चोरून खाण्यात जी मजा आहे, ती तळलेल्यात नाही.

माझ्या मुलीला राखणीला कोणी कधी बसवलं नव्हतं. त्या दिवशी शेजारच्या मावशींकडे पापड होते आणि बाकीची पोरं लग्नाला गेलेली. मावशींनी सरळ तिच्या हातात काठी दिली.

मी म्हटलं, "मावशी, तिला नाही जमायचं."

"जमंल. नुसता बसायचाच काम हाय," मावशी म्हणाल्या, आणि आम्ही ओसरीवर लाटायला बसलो.

थोड्या वेळानं मावशी पापड उलटायला अंगणात उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. साडीच्या कडेचे पापड गायब. काठी मातीत पडलेली. पोर मांडी घालून बसलेली, गाल फुगलेले, हनुवटीवर नागलीचा तपकिरी लगदा.

"पापड कोनी खाल्ला गं बाय?"

पोरीनं चावायचं थांबवलं. मावशींकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग इकडेतिकडे. कुंपणावर एक कावळा होता, बिचारा नुकताच येऊन बसलेला. तिनं हात वर केला, बाकीची बोटं मिटली आणि एक बोट सरळ कावळ्यावर रोखलं. मी तिकडे बघतेय ना, याची खात्री करायला पुन्हा माझ्याकडे बघितलं.

माझं लाटणं हातातच राहिलं.

"कावल्यानी? आन तुज्या तोंडाला काय लागलाय?" मावशी हसू दाबत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमची पोर खोटा बोलाय शिकली."

वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराची मी गय करत नाही. पण तेव्हा मला एकदमच रडू आलं आणि हसूही. मावशींना वाटलं, मी पापडांसाठी वाईट वाटून घेतेय. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या बाई, लेकराचाच पोट भरला."

पोरीचं बोट अजून वरच होतं. चेहरा एकदम गंभीर. जन्मात पहिल्यांदा तिनं मला काहीतरी सांगितलं होतं, आणि ते मला पटलं की नाही, एवढंच तिला बघायचं होतं. मी पदराला हात पुसले, अंगणात गेले आणि त्या कावळ्याला चांगलं खडसावलं.